देवळाच्या पाठीमागे

कयाधू नदीच्या काठी वसलेल्या नरसी गावी मी वर्षातून पाच-सहा वेळा तरी जातो. त्या बाजूच्या खेड्यांतून आमची चार-दोन ख्रिस्ती कुटुंबे विखुरलेली आहेत. त्यांची विचारपूस करून परतताना वाट थोडी वाकडी करावी, नामदेवरायांच्या मंदिरापाशी घटकाभर टेकावे, टपरीवर चहा घ्यावा आणि पुढे निघावे, असा माझा परिपाठ. गेल्या पावसाळ्यात असाच एका शनिवारी तेथे थांबलो होतो. सकाळची शाळा होती. जवळच कोठेतरी मुले एका सुरात पाढे म्हणत होती. आवाजाच्या रोखाने चार पावले गेलो, तो शाळेच्या पडवीत टांगलेला एक फळा दिसला. वर सुबक अक्षरांत लिहिले होते, ‘आगामी उपक्रम’. खाली वृक्षदिंडी, पालकसभा, वेशभूषा, हस्ताक्षर स्पर्धा अशी यादी होती.

त्या दोन शब्दांनी माझ्या मनाला चटका बसला. त्याचे कारण सांगायचे, तर मला वाचकांना नरसीहून बरेच दूर, थेट तंजावरपर्यंत न्यावे लागेल. आणि त्याआधी माझी एक जुनी चूक उघडी करावी लागेल.

परंपरेनुसार नामदेवांचा जन्म १२७० सालचा, आणि तो या नरसीचा. पंढरीचा हा शिंपी पुढे उत्तरेत पंजाबापर्यंत गेला. त्याची एकसष्ट पदे शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहेबात विराजमान झाली. त्यामुळेच आजही शीख यात्रेकरू या आडगावी माथा टेकायला येतात. पण मला नामदेव म्हटले की प्रथम आठवते ती जवळच्या औंढा नागनाथाची कथा. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांना ते रुचले नाही. त्यांनी त्यांना मागे घालवले. नामदेव निमूटपणे देवळाच्या पाठीमागे गेले आणि तेथेच गाऊ लागले; तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने आपले मुख भक्ताकडे केले. नंदी मात्र होता तेथेच राहिला, म्हणून तो आज पाठीमागे दिसतो, असे लोक सांगतात. ही कथा मी प्रवचनांतून कितीदा तरी सांगितली आहे. सांगताना मी नेहमी नामदेवांच्या बाजूला उभा असे. आपण त्या पुजाऱ्यांत असू, असे कधी मनातही आले नव्हते.

आता ती चूक. सन २००० मधील गोष्ट. गुरुदीक्षा होऊन मला फार दिवस झाले नव्हते आणि मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी सहायक धर्मगुरू होतो. वरिष्ठ फादर आजारी असल्याने धर्मग्रामाचा व आमच्या शाळेचा कारभार काही महिने माझ्याकडे होता. गावात प्रोटेस्टंट बांधवांची एक लहानशी प्राथमिक शाळा होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तेथील मुख्याध्यापिका बाई एक वही घेऊन माझ्याकडे आल्या. दोन्ही शाळांच्या मुलांनी मिळून नाताळची गीते गावीत, एक दिवस त्यांच्या चर्चमध्ये आणि एक दिवस आमच्या, अशी त्यांची कल्पना होती. वहीत गीतांची यादी होती. रेव्हरंड टिळकांची भजने तर त्यांच्याप्रमाणे आमच्याही वेदीपुढे गायिली जातात. तीही त्या यादीत होती. बाईंनी आपल्या मुलांकडून कागदाच्या चांदण्या करून घेतल्या होत्या, प्रत्येक चांदणी आमच्या एकेका मुलासाठी.

मी नाही म्हटले. उघड नाही म्हटले नाही. वेळ कमी आहे, पालक काय म्हणतील, वरिष्ठांना विचारावे लागेल, अशी कारणे पुढे केली. खरे कारण एवढेच होते, की ‘त्यांच्या’ देवळात आमची मुले नेण्याची मला भीती वाटली. गंमत अशी, की सेमिनरीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ख्रिस्ती ऐक्यावरील १९६४ चा आदेश मी नुसता वाचलाच नव्हता, त्यावर उत्तम गुणही मिळवले होते. आदल्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व ल्यूथरन प्रतिनिधींनी नीतिमत्त्वाच्या सिद्धांतावरील संयुक्त घोषणेवर सह्या केल्या होत्या. ज्या प्रश्नावरून सोळाव्या शतकात ख्रिस्तसभा दुभंगली, त्याच्या गाभ्याविषयी एकमत झाल्याचे जगाला सांगितले गेले होते. ती बातमीही मी वाचली होती. पण ज्ञान मस्तकात आणि भय पोटात, दोघांची गाठच पडली नाही.

“बरं फादर, पुढच्या वर्षी बघू,” असे म्हणून बाई उठल्या. त्यांनी वही मिटली. पुढच्या वर्षी माझी बदली झाली, आणि विद्यार्थ्यांअभावी ती शाळाही काही काळाने बंद पडल्याचे कानी आले.

त्यानंतर सतरा वर्षांनी, २०१७ च्या ऑक्टोबरात, मी तंजावरला गेलो. निमित्त सरस्वती महाल ग्रंथालयाचे. मराठी माणसाला तंजावर म्हणजे माहेराहून दूर दिलेली बहीण. भोसल्यांच्या त्या राज्यात सरफोजीराजांनी (१७७७–१८३२) ग्रंथ जमवले, छापखाना घातला, नव्या विद्येच्या शाळा काढल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. पण या राजाच्या बालपणी त्याच्या पाठीशी उभा राहिला तो ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ नावाचा एक ल्यूथरन मिशनरी, हे आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक असते. तुळजाजीराजांनी आपल्या दत्तकपुत्राची काळजी त्याच्यावर सोपवली होती. श्वार्ट्‌झ १७९८ मध्ये निवर्तला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. राजे अखेरपर्यंत हिंदूच राहिले. तरी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ त्यांनी इंग्लंडातील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प घडवून आणले. शिवगंगा किल्ल्यातील चर्चमध्ये ते पाहिले. मृत्युशय्येवर वृद्ध पाळक, आणि त्याचा हात हाती घेऊन उभा असलेला मराठी राजा. त्या शिल्पापुढे मी बराच वेळ उभा राहिलो. धर्म न सोडता, न सोडवता, दोन माणसे एकमेकांचा हात इतका घट्ट धरू शकतात, आणि मला एका मुख्याध्यापिकेच्या चांदण्या हाती घेता आल्या नव्हत्या!

तेथील पाळकांशी ओळख झाली आणि त्यांनी मला आठवडाभर आपल्या गावी राहण्याचा आग्रह केला. तंजावरपासून जवळच त्यांची एक शाळा होती. पाच इयत्ता, तीन खोल्या, तीन शिक्षिका आणि साठ-पासष्ट मुले. त्यांतील बहुतेक शेतमजुरांची, आणि निम्म्याहून अधिक हिंदू. मला तमिळ येईना. पण शाळेत शिवण शिकवायला येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका तंजावरी मराठी घराण्यातल्या निघाल्या. त्यांची मराठी ऐकताना एखादी जुनी बखर बोलू लागल्यासारखे वाटे. त्याच माझ्या दुभाषी झाल्या.

त्या शाळेचा आठवडा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. सोमवारी झेंड्यापुढे प्रार्थना आणि नखांची तपासणी. मंगळवारी मोठी मुले धाकट्यांना वाचून दाखवीत. बुधवारी सकाळी चर्चमध्ये छोटी उपासना. तिला येण्याची कोणावर सक्ती नव्हती, तरी पेटी वाजू लागली की सारीच मुले पायऱ्यांवर गोळा होत. गुरुवारी ख्रिस्ती मुलांचे धर्मशिक्षण. ल्यूथरने १५२९ साली घरातील आईबापांसाठी व मुलांसाठी लिहिलेला लघु प्रश्नोत्तरग्रंथ तेथे अजून चालतो. प्रत्येक वचन म्हणून झाले की त्याचा अर्थ काय, असा प्रश्न मुलाला विचारायचा, आणि मुलाने उत्तर द्यायचे, अशी त्याची धाटणी. त्याच वेळी शेजारच्या खोलीत इतर मुले तिरुवळ्ळुवरांच्या कुरळांची घोकंपट्टी करीत. दोन्ही आवाज भिंतीवरून एकमेकांत मिसळत आणि कोणाला त्याचे काही वाटत नसे. शुक्रवारी झाडलोट आणि गाणी. दुपारच्या जेवणातील अंडे हा मुलांचा रोजचा सोहळा. ते शेवटी खायचे, असा जणू अलिखित नियमच होता.

मला नवल वाटले ते शिक्षिकांचे. शाळा कधी बंद पडेल, याचा नेम नव्हता. जवळच इंग्रजी माध्यमाची मोठी शाळा निघाली होती आणि तिची पिवळी बस रोज सकाळी याच दारावरून जात असे. बस गेली की मुख्याध्यापिका हजेरीपट उघडत, मुले मोजत आणि फळ्यावर संख्या लिहीत. एके दिवशी ती दोनाने घटली. त्या काही बोलल्या नाहीत; फक्त शाळा सुटल्यावर त्या दोन घरी जाऊन आल्या. भारतात ल्यूथरन मिशनरी प्रथम उतरले ते याच तमिळ किनाऱ्यावर, तरंगंबाडी येथे, ९ जुलै १७०६ रोजी. त्सीगेनबाल्ग व प्ल्यूत्शाउ ही त्यांची नावे. त्यांनी लवकरच शाळा काढल्या, मुलींसाठीही काढल्या. तीन शतकांच्या त्या परंपरेचे ओझे या तीन बायका दोन मुलांमागे उन्हातून चालत जाऊन वाहत होत्या.

त्या शाळेतही एक फळा होता. त्यावर आगामी उपक्रमांची तमिळमध्ये यादी होती: सुगीचा उपकारस्तुतीचा सण, बालदिन, आगमनकाळातील गीतांचा सराव, नाताळचे नाटक. तिसऱ्या दिवशी माझ्या दुभाषी बाईंनी हसत एका ओळीवर बोट ठेवले. तेथे माझे नाव होते! ल्यूथरच्या धर्मसुधारणेला ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाचशे वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त आधीच्या रविवारी, २९ तारखेला, मुलांच्या उपासनेत ‘महाराष्ट्राहून आलेले कॅथलिक फादर गोष्ट सांगतील’, असे तिने जाहीर केले होते. मला विचारलेही नव्हते. कोणी नाही म्हणेल, अशी शंका त्यांच्या मनाला शिवलीच नव्हती.

माझी ती रात्र अस्वस्थतेत गेली. आदल्या वर्षी, २०१६ मध्ये, पोप फ्रान्सिस स्वीडनमधील लुंड येथे जाऊन ल्यूथरन बांधवांबरोबर प्रार्थनेत सहभागी झाले होते. तेव्हा मला परवानगीची अडचण नव्हती. अडचण होती ती योग्यतेची. ज्याने आपले दार लावून घेतले, त्याच्यासाठी येथे दार आधीच उघडून ठेवले होते.

रविवारी मी नामदेवांची गोष्ट सांगितली. दुभाषी बाईंचे काम सोपे होते. नामदेवांचे अभंग तंजावरकडील भजनमठांतून आजही गायिले जातात आणि त्यांनी ते लहानपणापासून ऐकले होते. नरसीच्या शिंप्याची कथा त्या स्वतःच्याच घरची असल्यासारखी सांगू लागल्या. देऊळ फिरते तो प्रसंग आला तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी मुलांना सांगितले, की आपल्याला पाठीमागे ढकलले, तरी देव आपल्याकडे वळतो.

मग पुढच्या रांगेतील, तिसरीतली असावी, एक मुलगी उभी राहिली आणि तिने काहीतरी विचारले. बाईंनी भाषांतर केले: “ती विचारते, मग त्या पुजाऱ्यांनी काय केलं?”

त्याचा अर्थ काय, हा प्रश्न गुरुवारी गुरुवारी ऐकून तयार झालेली ती बुद्धी! मला उत्तर सुचेना. देऊळ फिरले म्हणजे देवाची पाठ आता कोणाकडे झाली, हे मी इतक्या वर्षांत कधी पाहिलेच नव्हते. अखेर मी एवढेच म्हणालो, “त्यांना चालत मागच्या बाजूला यावं लागलं असेल.” मुलगी समाधानाने खाली बसली. माझे मात्र समाधान झाले नाही.

परत आल्यावर मी त्या मुख्याध्यापिका बाईंचा शोध सुरू केला. वर्षभराने पत्ता लागला. दुसऱ्या एका शहरात त्या मुलाकडे राहत होत्या. दृष्टी अधू झाली होती. मी नाव सांगितले, प्रसंग सांगितला, क्षमा मागितली. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले. माझा नकार त्यांना आठवत नव्हता. चांदण्या मात्र आठवत होत्या. “त्या आम्ही वर्गातच टांगल्या, फादर,” त्या म्हणाल्या, “आणि शाळा असेपर्यंत दर नाताळात काढत होतो. पोरांना फार आवडायच्या.” सुनेने चहा आणला. निघताना त्यांनीच मला प्रार्थना करायला सांगितली आणि शेवटी ‘आमेन’ माझ्याआधी म्हटले.

क्षमा मिळाली, असे म्हणावे तर तिने अपराधच ठेवला नव्हता. पण ज्या मुलांच्या हाती त्या चांदण्या पडायच्या होत्या, ती आज तिशीत आहेत. त्यांचे ते एक नाताळ मी त्यांना परत देऊ शकत नाही.

नरसीच्या शाळेतील फळा पाहून हे सारे उसळून वर आले. शाळेचा ‘आगामी उपक्रम’ हा आपल्याला किरकोळ वाटतो. कागद, खळ, पेटी, वीस-पंचवीस मुले! पण मुलांच्या आयुष्यात तो एकदाच येतो. ‘पुढच्या वर्षी बघू’ हे मोठ्यांचे वेळापत्रक आहे. तिसरीतले मूल पुढच्या वर्षी तिसरीत नसते.

आता आमच्या धर्मग्रामात १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह आम्ही गावातील सर्व ख्रिस्ती बांधवांसह पाळतो. यंदा मुलांनी एकत्र गाणी बसवावीत, असे ठरले आहे. एक दिवस त्यांच्या चर्चमध्ये, एक दिवस आमच्या. पहिला दिवस त्यांच्याकडे असावा, अशी मी विनंती केली. मागच्या बाजूला चालत जाण्याची पाळी आमची आहे. त्या तंजावरकडच्या शाळेला मी दर नाताळात पत्र पाठवतो. उत्तरात मुख्याध्यापिका आधी मुलांची संख्या लिहितात आणि मग आशीर्वाद.

त्या शनिवारी नरसीहून निघताना पाढे संपून मुलांची प्रार्थना सुरू झाली होती. मी टोपी काढून पडवीबाहेर क्षणभर उभा राहिलो. गुरुजींनी मला पाहिले आणि खुणेनेच आत बोलावले. मी गेलो.