खैरियत

पत्रलेखन शिकवताना मी फळ्यावर उर्दूत ‘खैरियत’ आणि मराठीत ‘सर्व क्षेम’ लिहितो. इतकी वर्षं तो नुसता मायना वाटायचा.

दोन महिन्यांपूर्वी अम्मीला पॅरालिसिसचा झटका आला, वाचा गेली. फजरनंतर ऐकू येणारी तांदळाच्या भाकरीची थाप थांबली. खोपोली लोकलसाठी कर्जत स्टेशनकडे निघालो की रोज मागून विचारायची, ‘डबा घेतलास का?’ मी वैतागून ‘हो’ म्हणायचो. आता पळसदरी, केळवली, डोलवली मागे जातात, तरी सकाळ सुरू झाल्यासारखी वाटत नाही.

काल चप्पल घालताना मागून अडखळत आवाज आला, ‘ड...बा?’ डबा हातातच होता. तरी आत गेलो, तिच्यापाशी बसलो. लोकल चुकली.

रात्री बहिणीने फोनवर विचारलं, ‘खैरियत?’

म्हटलं, ‘अल्हम्दुलिल्लाह. अम्मीने आज डबा विचारला.’