पाणवठ्यापाणवठ्यानं

महाडला सावकाश फिरायचं ठरवलंच असेल, तर रायगडाचा मोह पहिल्या दिवशी बाजूला ठेवावा. रायगडाला माणूस जातो तो घाईनं: रोपवे, होळीचा माळ, समाधी, परतीची गाडी. महाड-पोलादपूरच्या गावांची चाल वेगळी आहे. महाबळेश्वरहून निघालेली सावित्री पोलादपुरावरून महाडकडे येते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. गावं तिच्या नाहीतर तिला मिळणाऱ्या काळ-गांधारीच्या आसऱ्यानं बसलेली. इथं फिरायला सगळ्यात चांगली ती एसटीची वस्तीची गाडी. संध्याकाळी सुटते, रात्री गावातच मुक्काम करते आणि सकाळी परत निघते. एकदा उतरलात की रात्रभर त्या गावाचे.

गावात शिरायला पाखाडी असते. तिच्या कडेला पऱ्या वाहत असतो, वर भाताची खाचरं, त्याहून वर वरकस रानात नाचणी आणि वरी. देऊळ सहसा झाडीत. काळकाई, सोमजाई, झोलाई, भैरी अशी नावं. शिखर, कळस, सोनं यांतलं फारसं काही नाही. देवाचा थाट बघायचा तर शिमग्यात यावं. मुंबईहून चाकरमानी आलेले असतात, पालखी सहाणेवर बसते, मग खांद्यावर नाचते आणि घरोघर जाते. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याला तर देवताच गाव सोडून निघतात. विन्हेऱ्याची झोलाई पालखीतून महाडला येते, आसपासच्या गावांच्या काठ्या येतात आणि रात्रभर ढोल थांबत नाहीत. आपण देवदर्शनाला पायी जातो याचं कौतुक करून घेतो. इथं देवीही पायीच येते, माणसांच्या पायांनी.

वाळणकोंड मात्र चुकवू नये. काळ नदीत खडकाच्या कुशीत एक खोल डोह आहे. त्यातले मोठाले मासे वरदायिनीचे, म्हणून कुणी धरत नाही. कुरमुरे टाकले की पाणी एकदम उसळतं. माशांनाही देवाच्या नावानं अभय मिळालं, हे बघून बरं वाटतं. पण त्याच वेळी मनात एक कुसळ टोचतं, आणि ते काढायला महाडातच जावं लागतं.

महाडात शिरण्याआधी जरा बालीकडे वळू. तिथं जाऊन आलेली माणसं तिथल्या पाण्याबद्दल भरभरून बोलतात. ते खोटं नाही. तिथं डोंगरातलं पाणी देवळांतून वाट काढत शेतात उतरतं. एका पाटावरचे सगळे शेतकरी मिळून ‘सुबाक’ करतात, त्याचं आपलं देऊळ असतं, आणि कुणाच्या खाचरात पाणी कधी सोडायचं हे तिथं बसून ठरतं. युनेस्कोनं 2012 मध्ये ही व्यवस्था जागतिक वारशात घेतली. जातींची नावं तिकडेही आहेत, ब्राह्मणापासून शूद्रापर्यंत. तरी पाटाच्या शेवटी ज्याचं शेत, त्याच्यापर्यंत पाणी पोचलंच पाहिजे, हे देवळाचंच काम. सावकाश प्रवासाच्या जाहिरातींत हे हिरवे टप्पे दिसतात आणि आपल्यालाही वाटतं, गाव म्हणजे शांतता. मला या शांततेचा जरा संशय येतो. इथल्या गावात दोन दिवस राहिलं की कळतं, कोणती विहीर कुणाची. बौद्धवाडी बहुतेक गावाच्या टोकाला असते. तिची विहीर वेगळी आणि तिकडे जाणारी पाखाडी पूर्वी अर्ध्यातच संपायची. मोटारीतून हे दिसत नाही. चालणाऱ्याला दिसतं.

1927 साली रवींद्रनाथ ठाकूर जावा-बालीला गेले होते, समुद्रापलीकडे पोचलेल्या भारताच्या खुणा बघायला. त्याच वर्षीच्या मार्चात महाडला अस्पृश्यांच्या परिषदेसाठी हजारो माणसं जमली होती, कुलाबा-रत्नागिरीच्या गावांतून भाकरी बांधून आलेली, कित्येक तर चालतच. तिथलं चवदार तळं तेव्हा नगरपालिकेचं. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानं 1923 सालीच मुंबई कायदेमंडळानं सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले होते. सुरबानाना टिपणीसांच्या पुढाकारानं महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्ये तसा ठरावही केला. कागदावर तळं उघडं होतं. तरी परिषदेच्या माणसांना प्यायला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. भर उन्हाळ्यात, भरलेल्या तळ्याच्या गावात!

20 मार्चला बाबासाहेबांच्या मागून ती माणसं रांगेनं बाजारातून चालत तळ्यावर गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. अंतर किती? रमतगमत गेलं तरी काही मिनिटांचं. पण या दोन तालुक्यांत त्याहून लांबचा रस्ता मला माहीत नाही. थोड्याच वेळात अफवा उठली, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्याच वीरेश्वराच्या, ज्याच्या छबिन्याला गावोगावच्या देवी मानानं येतात. मंडपात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या पडल्या. जीव वाचवायला कित्येकजण मुसलमानांच्या घरांत शिरले. नंतर पंचगव्य घातलेल्या 108 घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. 4 ऑगस्टला नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला. 25 डिसेंबरला पुन्हा परिषद भरली. तेव्हा जागा कुणी देईना, ती दिली फत्तेखान यांनी, आणि तिथं मनुस्मृती जळली. तळं खाजगी असल्याचा दावा कोर्टात जवळजवळ दहा वर्षं चालला. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो फेटाळला.

म्हणून वाळणकोंडच्या माशांकडे बघताना कुसळ टोचतं. ज्या मुलखानं डोहातल्या माशाला पाण्यात देवाचा आश्रय दिला, त्यानंच माणसाला तळ्याकाठून हाकललं. दोन्ही श्रद्धेच्याच नावानं.

बाली बघावंच. पैसे जमले तर जरूर बघावं. पण त्याआधी एकदा 20 मार्चला महाडला यावं. ऊन कडक असतं, लॉजवर खोली मिळत नाही आणि गर्दी इतकी की वाहनाची घाई चालतच नाही. क्रांतिस्तंभापासून तळ्यापर्यंत निळे झेंडे, पुस्तकांचे गाळे, भीमगीतांचे आवाज. पुस्तकं घ्यायला पोरांचा हट्ट, आयांची घासाघीस. तळ्याच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलेल्या बायका डबे उघडतात, अनोळखी माणसालाही भाकरी पुढे करतात. नको म्हणू नये. ठेचा तिखट असतो. पाणी मागितलं की लगेच मिळतं.