बर्गीची वर्गणी

बागबाजारातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्लबची एक खोली आहे. क्लब म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पोहण्याचा तलाव आणि हिरवळ येते. हा क्लब म्हणजे दहा बाय बाराची जागा. मधोमध कॅरम, कपाटात काळे पडलेले करंडक, भिंतीवर रवींद्रनाथ, नेताजी आणि १९११ साली गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून शील्ड आणणारे मोहनबागानचे अनवाणी गडी. खोलीबाहेर, पत्र्याच्या छोट्याशा आडोशाखाली, एक काळा फळा.

बंगाली लिपी मी या फळ्यापायी शिकले. हौसेने नव्हे. बदली होऊन आलो त्या पहिल्याच महिन्यात एका सोमवारी नळ कोरडा पडला, आणि पाहते तर सगळी गल्ली पिंपं-बादल्या भरून निवांत बसलेली. शेजारच्या काकीमांनी खिडकीतूनच विचारलं, "बोर्ड वाचला नाहीत?" टालाच्या टाकीचं काहीतरी काम निघालं होतं. टालाची टाकी म्हणजे उत्तर कोलकात्याची जलदेवता. १९०९ साली बांधायला घेतलेली, पोलादी खांबांवर उभी, पोटात ९० लाख गॅलन पाणी मावेल एवढी. ती रुसली की इकडे कोणाचा भात शिजत नाही. दोन दिवस आधीपासून हे फळ्यावर लिहिलेलं होतं आणि मी रोज त्याच्यासमोरून भाजीची पिशवी घेऊन जात होते. काकीमांनी एक बादली दिली. संध्याकाळी मी कॉलेज स्ट्रीटवरून बालवाडीची अक्षरओळख घेऊन आले.

मग वाचायला लागले. रविवारी रक्तदान शिबिर. उन्हाळ्यात इथे रक्ताचा तुटवडा पडतो, म्हणून वैशाखात पाड्यापाड्यात ही शिबिरं. लहान मुलांसाठी 'बोशे आंको', म्हणजे बसा आणि चित्र काढा. रंग घरून आणावेत, कागद क्लब देईल. पंचवीस बैशाखला रवींद्रजयंती, गाणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नावं द्यावीत. कॅरमचे सामने, दिव्याखाली, रात्री आठला. एक करडा बोका हरवला आहे, डावा कान फाटका. अमक्या घरातल्या आजोबांना इस्पितळात रात्री सोबत हवी आहे.

फळ्यावरची एकही बातमी नुसती बातमी नसते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. प्रत्येक ओळ काहीतरी मागत असते. कोपऱ्यावर, दहा पावलांवर, दुसरा एक बोर्ड आहे. त्यावर रोज सकाळी 'गणशक्ती'ची पानं चिकटवलेली असतात. तिथे म्हातारी माणसं हात मागे बांधून उभ्याने जग वाचतात, युद्ध, निवडणुका, बाजारभाव, आणि मान हलवून पुढे जातात. क्लबच्या फळ्यापुढून मान हलवून जाता येत नाही. खिशात हात घालावा लागतो, नाहीतर बाही सारून दंड पुढे करावा लागतो.

या वस्तीला इथे पाडा म्हणतात. आपलाच पाडा, नागपाडा, आरेतले पाडे, डोंगराच्या कुशीतले पाडे. शब्द ओळखीचा निघाला की परक्या गावात पाय जरा सैल पडतात. दीड कोटीच्या महानगरात राहायला जायचं म्हणून मी मनाची तयारी करून आले होते, आणि येऊन पडले एका खेड्यात. तसं पाहिलं तर यात नवल नाही. १६९८ साली कंपनीने सावर्ण रायचौधुरींच्या घराण्याकडून १३०० रुपयांत तीन गावांचे हक्क घेतले: सुतानुटी, कलिकाता, गोविंदपूर. बागबाजार हा त्यातल्या सुतानुटीचा भाग. गोविंदपूर किल्ल्याच्या मैदानाने गिळलं, कलिकाता सगळ्या शहराला नाव देऊन बसलं, आणि सुतानुटी आमच्या मेट्रो स्थानकाच्या पाटीवर शोभाबाजारच्या शेपटाला उरलं. पाटीवर, आणि रॉकवर.

रॉक म्हणजे रोयाक. जुन्या घरांच्या दारापुढचा, रस्त्याला लागून असलेला ओटा. संध्याकाळी सहा वाजता त्यावर फडकी मारून माणसं बसतात ती साडेनऊपर्यंत. मातीच्या भांडातला चहा, ठोंग्यातली मुडी, आणि आड्डा. या शब्दाची तुलना लोक आपल्या कट्ट्याशी करतात, पण कट्टा तरुणांचा असतो आणि तिथे उद्याचं ठरतं. रॉकवर सगळ्या वयाचे असतात आणि तिथे काहीच ठरत नाही; हाच त्याचा डौल.

आमच्या रॉकचे अध्वर्यू होते मास्टरमशाई. निवृत्त शिक्षक, बंगालीचे, धोतर आणि छत्री. फळ्यावर लिहायची मुलं, पण येता-जाता त्यातलं शुद्धलेखन तपासायचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतलेला. बोट जिभेला लावायचं, ऱ्हस्व-दीर्घ पुसायचं, खिशातला खडू काढायचा. न आणि ण यांच्या बाबतीत त्यांना दयामाया नव्हती. एकदा मृत्यूच्या सूचनेतली चूकही त्यांनी दुरुस्त केली होती. कोणाला ते खटकलं, तर म्हणाले, "गेलेला माणूस माझा विद्यार्थी होता. त्याच्या नावात चूक राहिलेली त्याला चालली नसती."

मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि हसून म्हणाले, "बौमा, म्हणजे बर्गी शेवटी आत आले!"

आमच्या घरापासून जवळच एक गल्ली आहे, मराठा डिच लेन. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचं घोडदळ भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालवर आलं, तेव्हा भेदरलेल्या कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत तीनेक मैल झाला. मराठे काही इथवर आले नाहीत; खंदक तसाच अर्धा राहिला, त्यात कचरा साठला, आणि १७९९ साली तो बुजवून त्या रेघेवर सर्क्युलर रोड झाला. आज त्यावरून बसगाड्या पळतात. नाव तेवढं त्या गल्लीने सांभाळलं.

बर्गी हा आपला बारगीर. सरकारी घोड्यावरचा स्वार तो बारगीर, स्वतःचं घोडं आणणारा शिलेदार. शिलेदार आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत शिरला आणि बारगीर बंगाली अंगाईगीतात. इथलं प्रत्येक मूल 'झोप, नाहीतर बर्गी येतील' या धाकाने झोपलेलं आहे. शाळेच्या पुस्तकात मी अटकेपार गेलेले झेंडे वाचले होते. जाळलेली गावं, लुटलेली कोठारं, गंगा ओलांडून पळणारी माणसं, हे सगळं मला इथे येऊन, एका शेजारच्या बाईने नातवाला थोपटताना कळलं. तिने गाता गाता माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून हसली. ओशाळायचं तर मी होतं. याच बंगालात १९०४ साली सखाराम गणेश देऊस्करांच्या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी शिवाजी-उत्सवावर कविता लिहिली, १९०६ साली टिळक इथे उत्सवाला आले, हेही खरं. पण त्या उत्सवाने अंगाईतलं भय काही पुसलं नाही. दोन्ही एकाच घरात नांदतात.

श्रावण सरता सरता पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात आली. "बौदी, पूजोर चांदा." चांदा म्हणजे वर्गणी. आकडा ऐकून मी जरा घासाघीस केली, पुण्याच्या सवयीने. रॉकवर बसलेल्या मास्टरमशाईंनी तिथूनच आवाज दिला, "चौथाई मागताहेत, द्या! पूर्वी तुम्ही मागायचात." सगळी गल्ली हसली. मीही. १७५१ च्या तहात बंगालच्या नबाबाने वर्षाला १२ लाख रुपये चौथाईपोटी कबूल केले होते. त्या मानाने पोरांचा आकडा किरकोळच होता.

संध्याकाळी चहाच्या भांडावर त्यांनी मला राहिलेलं सांगितलं. तो खंदक कंपनीने स्वतःच्या खर्चाने खणला नव्हता. इथल्या रहिवाशांनी आपल्या पैशाने खणायची परवानगी मागितली होती. "म्हणजे बघा बौमा, कोलकात्यातली पहिली मोठी सार्वजनिक वर्गणी तुमच्या नावाने गोळा झाली." आणि दुसरी गोष्ट. भास्कर पंडितांनी, म्हणजे त्या भास्करराम कोल्हटकरांनीच, त्याच १७४२ साली काटव्याजवळ दांईहाटला दुर्गापूजा मांडली होती, थाटात, आसपासच्या जमीनदारांकडून सामानसुमान मागवून. गंगारामाच्या 'महाराष्ट्र पुराण' या बंगाली काव्यात ती आली आहे. नवमीच्या पहाटे नबाब अलिवर्दीखानाची फौज चालून आली आणि पंडितांना मांडलेली पूजा टाकून पळावं लागलं. पुढे दोन वर्षांनी मनकऱ्याला तहाच्या बोलण्यांसाठी बोलावून त्यांना मारलं.

"वर्गणी आमची, पूजा तुमची, आणि नवमी अर्धीच," मास्टरमशाई म्हणाले. "तो हिशेब बाकी आहे."

वर्गणीतून देव उभा करायची रीत इकडे आपल्यापेक्षा जुनी. गुप्तीपाड्यात १७९० च्या सुमाराला बारा मित्रांनी मिळून पूजा केली, म्हणून बारोयारी, बारा यार. आपलं सार्वजनिक गणेशोत्सवाचं १८९३ त्यानंतरचं. मी हे आमच्या घरी फोनवर सांगितलं तर पलीकडे थोडी शांतता पसरली.

रथयात्रेच्या दिवशी क्लबसमोर एक बांबू रोवून त्याची पूजा होते. खूँटीपूजा. मुहूर्तमेढ रोवणे हा आपल्याकडे आता भाषणातला वाक्प्रचार उरलाय. इथे खरोखर मेढ रोवतात, तिला कुंकू लावतात, आणि तिथून फळ्यावरची मागणी वाढत जाते. मग सायकलरिक्षावर कर्णा बांधून माइकिंग सुरू होतं. आमच्या गावची दवंडी अशीच असायची, फक्त हलगीवर. मग महालयाची पहाट. आपली सर्वपित्री. चार वाजता एका घरात रेडिओ लागतो, मग समोरच्या, मग वरच्या, आणि बीरेंद्रकृष्ण भद्रांचा कंप पावणारा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंधारात सांधला जातो. १९३१ पासूनचा हा कार्यक्रम. १९७६ साली तो काढून उत्तमकुमारच्या आवाजात नवा लावला, तर लोक असे खवळले की आकाशवाणीला जुनाच परत आणावा लागला. त्या पहाटे मी पहिल्यांदा गच्चीत उभी होते तेव्हा घाटाकडे तर्पणाला निघालेली धोतरं अंधारात पांढरी दिसत होती. मला वडील आठवले. खाली कोणीतरी म्हणालं, "बौदी, घाटावर यायचंय? चला, गर्दी व्हायच्या आत." विचारण्यात इतका साधेपणा होता की मी चप्पल घालून निघाले.

दक्षिणेकडे हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. गणपतीत मी तिथे जाते, मोदक खाते, मराठीत पोटभर बोलते. ते माझं माहेर. पण पाणी जाणार असल्याचं माहेर कळवत नाही.

आता आमच्या गल्लीत तीन जुनी घरं राहिली आहेत. बाकीच्यांच्या जागी फ्लॅट आले. करार सगळीकडे एकच: प्रोमोटरने जुनं घर पाडायचं, मालकाला दोन फ्लॅट आणि रोख द्यायची. नव्या इमारतीला फाटक असतं, रखवालदार असतो, तळमजल्यावर मोटारी असतात, रॉक नसतो. सहा वाजता फडकं मारून बसायचं तर कुठे? पोरांनी फोनवर ग्रुप केला आहे. पाण्याची बातमी आता तिथे येते, आणि खाली बावीस अंगठे उमटतात. अंगठा दाखवण्याचा अर्थ आमच्या लहानपणी वेगळा होता, पण ते असो. फळा अजून आहे, कारण काकीमांसारख्या तिघी-चौघींकडे तसला फोन नाही आणि त्यांना कळवलं नाही तर भोगाच्या भाज्या कोण चिरणार?

मास्टरमशाईंचं घर गेल्या वर्षी गेलं. ते मुलाकडे बंगळुरूला राहायला गेले. निघताना खिशातला खडू त्यांनी मला दिला नाही, कोणालाच दिला नाही, बहुधा विसरले.

यंदा अष्टमीच्या रात्री पोरं ढाकवाल्यांच्या जेवणात गुंतलेली, म्हणून नवमीची सूचना लिहायला मला सांगितलं. माझं अक्षर बालवाडीच्या पुस्तकातलं, त्यामुळे वाचायला सोपं, असं त्यांचं म्हणणं. मी लिहिलं: उद्या दुपारी भोग, खिचुडी, लाबडा, टोमॅटोची चटणी, पायेश, वाढायला आठ जण हवेत, आपापली कुपनं आणावीत. फळ्याचा फोटो काढून बंगळुरूला पाठवला.

पाचच मिनिटांत उत्तर आलं. "दोन चुका आहेत. माझ्या कुपनाचे पैसे मुलगा पाठवतो आहे, माझं पान कोणाला तरी वाढा. नवमी पुरी करून मगच झोपा."

एक चूक ऱ्हस्व-दीर्घाची होती. दुसरी शोधायला वेळ लागला. 'दुपुर'च्या जागी मी 'दुपार' लिहून बसले होते. मी बोट ओलं केलं आणि पुन्हा खाली उतरले.