पानगी मेनूकार्डावर का नाही?

आषाढातला रविवार. बदलापुरात कात्रपच्या रस्त्यावर शेजवान, पनीर टिक्का, मोमो, सगळं मिळतं. पानगी मागितली तर वेटर मालकाकडे बघतो.

खरं तर हॉटेलवाल्याला याहून सोपं काय हवं? तांदळाचं पीठ, ताक, मीठ, मिरची. केळीच्या पानाला तूप लावून पातळ थापायचं, वर दुसरं पान, की तव्यावर. आंबवणं नाही. खालचं पान काळपट पडलं की उलटायचं. शिजल्यावर पान आपसूक सुटतं आणि त्याच्या शिरा पानगीवर उमटलेल्या दिसतात. सोबत लोण्याचा गोळा, लसणाची चटणी. डोशाचा तवा तर सगळीकडे आहेच!

वालाच्या बिरड्याचं दुखणं वेगळं. वाल भिजवा, मोड आणा, कोमट पाण्यात टाकून एकेक सोला. घरी हे काम बायकांनी फुकटात केलं. हॉटेलात त्याची मजुरी द्यावी लागते. मग लावा की पनीरएवढा भाव. पण ‘घरचंच तर आहे’ म्हणत नाक मुरडणारी आपलीच मंडळी.

1910 साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’मध्ये हजार पाकक्रिया लिहून ठेवल्या; आपलं ‘महाराष्ट्रीयन’ पान मात्र पिठलं-भाकरी आणि भरल्या वांग्यांपुढे सरकत नाही.

सुरुवात कुळथाच्या शेंगोळ्यांनी करावी. पीठ वर्षभर मिळतं, आणि या पावसात लसणाच्या फोडणीचा तो रस्सा भुरकायला गिऱ्हाईक शोधावं लागणार नाही. फणसाच्या सांदणांचं पुढच्या मे महिन्यात बघू.