नाक्यावरची बुटकी बाइक

नाका म्हटलं की आपल्याला आठवतो कटिंग चहा आणि टवाळ गँग. कनेरगाव नाका मात्र खराखुरा नाका आहे. हिंगोलीहून वाशिमकडे निघालात की इथे मराठवाडा संपतो आणि वऱ्हाड लागतं. १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानाचा मराठवाडा इथवर होता. आज इथे नांदेड-अकोला हायवे आहे, पूर्णा-अकोला लाइनवरचं छोटं स्टेशन आहे आणि चहूकडे सोयाबीन, हळद आणि काळी माती.

डर्ट बाइकची परीक्षा घ्यायला याहून सही जागा नाही. हायवे सोडला की लगेच पाणंद रस्ता, ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्यांचा.

आम्ही दोघी, दोघींकडे हीरोची एक्सपल्स २००. माझी कंपनीतून आली तशी, मैत्रिणीची बुटकी. तिची उंची पाच फूट दोन इंच. ऑफिसपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी तिला 'मॅडम, स्कूटर घ्या' असं ऐकवलेलं. मग तिने मागची बाजू तीस मिमी खाली उतरवून घेतली. फक्त मागची!

नाक्यावर आम्ही गाड्या बदलल्या आणि फरक पहिल्याच वळणावर कळला. मागून बसलेल्या गाडीचं हँडल सुस्त होतं. वजन मागे सरकतं, पुढच्या फोर्कचा कोन लोळतो, मग वळणावर गाडी बाहेर जायला बघते. अंधार पडल्यावर तर समोरचे ट्रकवाले डिपर मारायला लागले, कारण हेडलाइट थेट त्यांच्या डोळ्यांत! स्टँडही आता लांब पडतो. गाडी जवळजवळ सरळ उभी राहते, वाऱ्याच्या झुळकीने आडवी होईल अशी.

सकाळी नाक्यावरच्या गॅरेजवाल्या दादांनी पुढच्या फोर्कचे पाइप टी-मध्ये वीस मिमी वर सरकवले. पूर्ण दाबल्यावर टायर कुठे घासत नाही ना, हेही पाहिलं. हेडलाइट खाली आला, हँडल जागं झालं. पण जास्त सरकवले तर उलटं होतं, म्हणजे वळायला चपळ पण सरळ रस्त्यावर चुळबुळी.

एक गोष्ट मात्र परत येत नाही. मूळ ग्राउंड क्लिअरन्स २२० मिमी, आता जेमतेम १९५. पाणंदीत चाकोऱ्यांमधला उंचवटा इंजिनखालच्या पत्र्याला 'खर्रर्र' करून जायचा. माझी गाडी तिथून आरामात गेली.

मग बुटकी केली ते चुकलं का? चिखलात गाडी थांबली तेव्हा मी एका पायाच्या बोटांवर तोल सावरत होते. ती दोन्ही पाय टेकवून निवांत उभी होती. ज्या गाडीची भीती वाटत नाही, तीच गाडी माणूस लांब नेतो.

तुमचाही असा विचार असेल तर आधी सीटचा फोम कमी करून बघा, जाड तळव्याचे बूट घाला. तरीही हवंच असेल तर पुढचं-मागचं मिळून उतरवा, स्टँड कापून घ्या. आणि शोरूमसमोरच्या डांबरावर नाही, अशा एखाद्या पाणंदीत चालवून मग ठरवा!