दडपणाचे वाटेकरी

मुरुममध्ये मी कुणाला टेनिस खेळताना पाहिलेलं नाही. इथली पोरं कबड्डी, खो-खो, क्रिकेट खेळतात आणि अठरा वर्षांची झाली की पहाटे उठून पोलीस भरतीसाठी धावायला लागतात. तरीही टेनिसमधली एक गुणसंख्या मला पाठ आहे : 2-6, 6-3, 10-4.

हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीच्या अंतिम लढतीत ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा यांनी चिनी तैपेईच्या जोडीला या फरकानं हरवलं. त्या स्पर्धेतलं टेनिसमधलं भारताचं ते एकमेव सुवर्णपदक. ऋतुजा मूळची श्रीरामपूरची, तेव्हा 27 वर्षांची. शेजारी उभा असलेला बोपण्णा 43 वर्षांचा, त्याच महिन्यात अमेरिकन ओपनची अंतिम फेरी खेळून आलेला. अशा जोडीत समोरचे चेंडू कुणाकडे मारणार, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात पहिला सेट 2-6 असा गेलेला. दुसरा जिंकला, तर तिसरा पूर्ण सेट नाहीच. त्याऐवजी आधी 10 गुण करायचे, दोनच्या फरकानं. चार चुका झाल्या की परत यायला वाव उरत नाही.

याच वळणावर आमच्या शेजारची एक मुलगी नऊ वर्षं आधी उभी होती. बार्शीची प्रार्थना ठोंबरे. 2014 ची इंचॉन स्पर्धा, वय 20, जोडीदार सानिया मिर्झा, जी त्याच महिन्यात अमेरिकन ओपनची मिश्र दुहेरी जिंकून आलेली. उपांत्य सामन्यात पहिला सेट यांचा, दुसरा तैपेईचा, आणि निर्णायक गुणांत 4-10. कांस्यपदक मिळालं. इकडे 10-4, तिकडे 4-10. एकीला दडपण पेललं आणि दुसरीला नाही, असं म्हणणं फार सोपं आहे. मला ते पटत नाही. तीच प्रार्थना दोन वर्षांनी सानियासोबत रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली. मोडलेला माणूस तिथवर जात नाही.

ऋतुजाचा सामना झाला तो दिवस 30 सप्टेंबर 2023. उमरगा-लोहारा पट्ट्यात ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. 1993 साली याच तारखेच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याला त्या दिवशी 30 वर्षं पूर्ण झाली. आई त्या दिवशी फारशी बोलत नाही. मी आणि पुतणी मोबाइलवर सामन्याची बातमी बघत होतो. पुतणी मोठ्यानं वाचत होती : पहिला सेट गमावल्यावर दडपण होतं, वगैरे. आईनं विचारलं, "कोण दडपलं गं?"

तिच्या लेखी या शब्दाला एकच अर्थ आहे. माळवदाची घरं, जाड दगडी भिंती, वर मातीचा थर. तो थर झोपलेल्या माणसांवर आला. पुतणीनं तिला समजावलं, "आजी, तसं नाही. खेळताना मनावर ओझं येतं ना, ते." आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ओझं एकट्यानं उचलू नये."

पुतणी तेव्हा आठवीत होती, शाळेच्या खो-खो संघात. आमच्याकडे हा खेळ नुसता खेळ राहिलेला नाही. धाराशिवच्या सारिका काळेनं भारताच्या संघाचं नेतृत्व केलं, 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण. त्यामुळे पोरगी चपळ दिसली की घरात प्रमाणपत्राचा हिशेब सुरू होतो. दादाला, म्हणजे तिच्या बापाला, मी दोष देत नाही. दोन एकर जिरायत असलेला माणूस दुसरा कसला हिशेब करणार? पण तो हिशेब पोरीच्या पायात घुटमळायचा. सामन्याच्या आदल्या रात्री ती जेवायची नाही.

नंतर मी दुहेरीचे सामने वेगळ्या नजरेनं बघू लागलो. दोन गुणांच्या मध्ये नियमानं 25 सेकंद मिळतात. दुहेरीतले खेळाडू तेवढ्यात एकमेकांजवळ येतात, हाताला हात लावतात, दोन शब्द बोलतात. गुण जिंकला तरी, हरला तरी. गेलेला गुण तिथंच टाकून पुढचा ठरवतात. ओझं नाहीसं होत नाही; त्या स्पर्शात त्याला दुसरा खांदा मिळतो. हे पुतणीला सांगितलं, तर ती म्हणाली, "काका, आमच्यात तेच तर असतं. पाठीवर थाप मारायची, खो म्हणायचं आणि आपण तिच्या जागेवर बसायचं. पुढचं ती पळते."

पुढच्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात ती बचावाला पहिल्या तुकडीत उतरली आणि लवकर बाद झाली. मी काठावर उभा होतो. ती बाहेर आली, पाणी प्यायली आणि पुढच्या तुकडीतल्या तिघींना सांगू लागली, कोणती पोरगी वळताना अडखळते, खांबाजवळ कुणापासून जपायचं. आवाज साधा, रोजचा. सामना आम्ही दोन गुणांनी हरलो.

परतताना जीपमध्ये दादानं विचारलंच, "मग प्रमाणपत्राचं काय?"

"पुढच्या वर्षी, बाबा," ती म्हणाली. आणि डबा उघडून जेवायला बसली.