बिनआरशाचा कॅमेरा

कॅमेऱ्यांतला आरसा गेला, ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण तिच्यामुळें मध्यमवर्गीय घरांत एक नवाच वाद शिरला आहे. कॉलेजांत जाणाऱ्या मुलीला छायाचित्रणाची हौस लागते, ती असा लहानसा कॅमेरा मागते, आणि वडील म्हणतात, "खिशांत फोन असतांना हें आणखी कशाला?" किंमत बहुधा अर्ध्या लाखाच्या पुढें जाते, तेव्हां हा प्रश्न हंसण्यावारी नेतां येत नाहीं. आमच्या शेजारचा असाच एक खटला आमच्यापुढें निवाड्यासाठीं आला. मुलीचें म्हणणें एवढेंच होतें कीं, घरांतल्या फोनांत हजारों चित्रें आहेत. पण आजी एकटी, स्वस्थ बसलेली, अशी एकांतहि नाहीं.

जुन्या धर्तीच्या कॅमेऱ्यांत भिंगामागें तिरपा आरसा असतो. तो प्रकाश वर वळवून डोळ्यास दृश्य दाखवितो, व कळ दाबतांच बाजूस होतो. त्याला हलावयास जागा लागते. निकॉनच्या जुन्या रचनेंत भिंगाची बैठक व सेन्सर यांमध्यें ४६.५ मिलिमीटर अंतर होतें. आरसा गेल्यावर नव्या रचनेंत तें १६ उरलें. पॅनासॉनिकचा जी-१ हा २००८ सालीं निघाला, तेव्हांपासून ही जात पसरली. सोनीचा २०१४ चा ए-६००० बॅटरीसकट, पण भिंगावांचून, ३४४ ग्रॅम भरतो. म्हणजे भाजीवाल्याच्या हिशेबानें दीड पावाहूनहि कमी.

हलकेपणाचें मोल कळव्याच्या माणसास सांगावयास नको. येथें बहुतेक जलद गाड्या थांबत नाहींत. सकाळच्या धीम्या लोकलमध्यें शिरावयाचें तर पाठीवरची पिशवी पोटाशीं घ्यावी लागते. दोन किलोंची सामग्री अशा प्रवासांत रोज कोण नेणार? ती कपाटांत राहते. १८५४ सालीं आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणास पोंचली, आणि त्याच वर्षीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या सभासदांत होते. त्या काळच्या एका पद्धतींत कांचेवर रसायन पसरून, तें ओलें आहे तोंच चित्र घेऊन धुवावें लागे. गांवाबाहेर जावयाचें तर अंधाराचा तंबूहि बरोबर न्यावा लागे. त्या हौसेपुढें आमच्या वजनाच्या तक्रारी हास्यास्पदच म्हणावयाच्या.

शिकणाऱ्याला दुसरा लाभ आम्हांला याहून मोठा वाटतो. कळ दाबण्यापूर्वींच होणारें चित्र पडद्यावर दिसतें. कळव्याहून पाहतां सूर्य खाडीपलीकडे, ठाण्याच्या बाजूस मावळतो. पुलाकडे तोंड करून उभें राहिलें कीं आकाश लखलखीत आणि पूल काळा. चक्र एका बाजूस फिरवावें, तों आकाशाचा रंग भरतो व पूल नुसती रेघ होतो. उलट फिरवावें, तों पुलावरचीं माणसें दिसूं लागतात व आकाश पांढरें पडतें. फोन अनेक चित्रें जोडून दोन्ही थोडथोडें देतो आणि निर्णय आपणच घेऊन टाकतो. येथें तो मुलीला घ्यावा लागतो.

दोष मात्र विक्रेता सहसा सांगत नाहीं. पडदा व सेन्सर सतत जागे असल्यामुळें बॅटरी लवकर संपते. ए-६००० ची ठराविक कसोटीप्रमाणें सुमारें ३६० चित्रांत. निकॉनच्या २०२२ च्या झेड-३० ला डोळा लावावयाची खिडकीच नाहीं. वैशाखांत दुपारीं पडदा काय दिसणार! खाडीकांठच्या दमट हवेंत पावसाळ्यांत भिंगाला बुरशी धरते, तिच्यासाठीं घट्ट झांकणाचा डबा व सिलिका जेलच्या पुड्या हव्यात. फ्लेमिंगोंच्या आशेनें कॅमेरा घेणारांची तर फसगतच होते. ठाणे खाडीचें फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ सालीं जाहीर झालें. पण तेथें सोबत मिळालेल्या भिंगांतून पक्षी म्हणजे गुलाबी ठिपके. दूरचें चांगलें भिंग कॅमेऱ्याइतकेंच, कधीं त्याहूनहि महाग पडतें.

सोबतचें भिंग घरांतहि अपुरेंच. समईच्या उजेडांत त्यानें घेतलेलें चित्र दाणेदार येतें, आणि फोनचें स्वच्छ. मग वडिलांचा विजय होतो. यावर मंडळी ५० मिलिमीटरचें उजळ भिंग सुचवितात. परंतु या लहान सेन्सरवर तें तीन मीटरवरून जेमतेम १.४ मीटर रुंदीचा भाग टिपतें. कळव्याच्या वन रूम किचनमध्यें आजी खाटेवर बसली, तर चित्र घेणारीची पाठ ओट्याला टेकते आणि तरी खाट पुरती येत नाहीं. ३५ मिलिमीटरचें भिंग तेथूनच दोन मीटर घेतें. आजी येते, तिच्यामागची खिडकी येते, सुपारीचा डबाहि येतो.

आमचा निवाडा असा झाला कीं कॅमेरा जुना घ्यावा, भिंग ३५ चें घ्यावें, आणि पक्ष्यांचें नांव वर्षभर काढूं नये. वडिलांनीं कुरकुरत मान्य केलें. आजीचें वय शहाऐंशी असल्यामुळें सवलतीच्या दिवाळीपर्यंत थांबावें, ही त्यांची सूचना मात्र आम्हीं फेटाळली. जुनें भिंग घेतांना तें काढून मागून विजेरीचा झोत टाकावा व पुढून पाहावें. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर दुकानदार कितीहि किंमत उतरवो, तें तेथेंच ठेवावें.